गाडी निघाली, ताई

तामसीच्या जनावरांच्या दवाखान्यात दीपमाला डॉक्टर होऊन आली, आणि पहिल्याच आठवड्यात तिने एका बड्या माणसाला बाहेर उभं केलं. तो बैलाला काठीने ढोसत आत आणत होता. "आधी काठी फेका, मंग आत या," म्हणाली. चंपतची पोरगी लय कडक हाय, असं तेव्हापासून झालं. चंपत म्हणजे तिचा बाप. उभा जन्म दुसऱ्याच्या गोठ्यात शेण काढलं आणि पोरीला जनावरांची डॉक्टर केलं. अशी पोरगी कडक नाही होणार तर काय होणार?

पण एक सांगतो, कडक माणसं एखाद्यावर विश्वास टाकतात ना, तेव्हा डोळे मिटून टाकतात. दीपमालाने तो सुरेंद्रवर टाकला.

सुरेंद्रचं आदिलाबादेत खत-बियाण्याचं दुकान. माणूस तसा वाईट नव्हता, उगाच कशाला बोलायचं! रस्त्यावरचं जखमी कुत्रं दिसलं की स्वतःच्या शर्टात गुंडाळून आणायचा. नाल्याकाठी त्याची पडीक जमीन होती, तिथे त्याने भटक्या कुत्र्यांसाठी निवारा बांधला. दीपमाला दर रविवारी तामसीहून यायची आणि फुकट औषधपाणी करायची. दुपारी सुरेंद्रची आई, सोनाबाई, तिला आपल्या ताटाशेजारी बसवून जेवू घालायची. चंपतच्या पोरीला शेजारच्या ताटाचा अर्थ बरोबर कळत होता. ती सुरेंद्रला भाऊ म्हणायची ते तोंडदेखलं नव्हतं.

त्या श्रावणात नाला फुगला. सकाळीच पाणी कुंपणाशी आलं. दीपमालाने दवाखान्यात रजा टाकली आणि धावत आली. गरीब कुत्री सुरेंद्रच्या टेम्पोच्या पहिल्या खेपेत उंचावरच्या शाळेत गेली. मागे राहिली ती चावरी, मागच्या पिंजऱ्यांतली. त्यांचा म्होरक्या थानेदार. काय दांडगं कुत्रं होतं ते! अर्ध्या गल्लीच्या पोटऱ्यांवर त्याचे दात उमटलेले. त्याच्या अंगाला हात लावू शकायची ती एकटी दीपमाला.

चावऱ्या कुत्र्याला गाडीत घालायचं तर आधी गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागतं. आणि दीपमालाचा पक्का नियम होता, की गाडी दारात उभी राहिल्याशिवाय सुई भरायची नाही. गुंगीतलं जनावर म्हणजे ओलं पोतं, त्याला मान उचलता येत नाही की पाय मारता येत नाही. पण गुंगी चढायला वेळ लागतो, आणि पाणी काही थांबून राहत नव्हतं. तिने सुरेंद्रला फोन लावला.

"भाऊ, गाडी कुठं हाय?"

"गाडी निघाली, ताई. येऊनच राह्यली. तुमी सुया देऊन ठेवा."

भाऊ म्हणतो म्हणजे निघाली. तिने सुया दिल्या. थानेदारने तर स्वतःहून पाठ पुढे केली.

कुत्री एकेक करून आडवी झाली. पाणी घोट्यावर आलं, पोटरीवर आलं, गाडीचा पत्ता नाही. शेवटी तिने टेम्पोच्या ड्रायव्हरला, रामाजीला फोन केला. तो बिचारा खरं बोलून गेला. "म्याडम, मी तं दुकानावर हाओ. भाऊनं गोदामातला युरिया काढायले लावला. गाडी निघालीच नाही."

अरे देवा! ती आणि राखणदार नागसेन, दोघांनी कुत्री खांद्यावर घेऊन स्वयंपाकखोलीच्या छतावर नेली. थानेदार सगळ्यात जड, म्हणून तो शेवटी राहिला. ती परत आली तेव्हा तो पिंजऱ्यात पाण्याखाली निजला होता.

ती तशीच चिखलाच्या कपड्यांनी दुकानात गेली. सुरेंद्र पोत्यांवर ताडपत्री ओढत होता.

"ताई, युरिया भिजला असता तं मी बुडालो असतो. अन् एकच तं गेला, तोबी चावरा. बसा, चहा सांगतो."

"चहा?" दीपमाला ओरडली, रस्त्यावरची माणसं थांबली. "तुमी नाही म्हणाले असते तं म्या सुई टोचलीच नसती! नुसतं दार उघडलं असतं, तो पोहत गेला असता. रोज नाल्यात डुंबणारं कुत्रं ते! काऊन खोटं बोलले?"

"तुमी घाबरल्या असत्या म्हणून..."

तिने पुढचं ऐकलं नाही. सोनाबाईच्या ताटाशेजारी ती पुन्हा कधी बसली नाही. रविवार मात्र सोडला नाही. कुत्र्यांनी काय केलं होतं तिचं?

पुढच्या वर्षी नाला पुन्हा चढला. दीपमाला आली. मागच्या पिंजऱ्यात या खेपेला लंगडी होती, पुढचा एक पाय वाळलेली म्हातारी कुत्री, चावण्यात थानेदाराची बहीण शोभेल अशी. सुरेंद्रचा फोन आला.

"गाडी निघाली, ताई. या खेपेला खरंच. सुया द्या."

"गाडी डोळ्यानं पाहीन तवा देईन," दीपमाला म्हणाली आणि फोन ठेवला.

पाणी भराभर वाढलं. तिने पिंजऱ्यांची दारं उघडून दिली. धडधाकट कुत्री पोहत बांधावर गेली. लंगडीला ते जमणारं नव्हतं. ती कोपऱ्यात घुसून बसली. नागसेनने हात घातला तर तिने मनगट फोडलं. दीपमाला पुढे झाली, तर लंगडी तिच्यावरही धावून आली. सुई भरेपर्यंत पाण्याचा लोंढा आत शिरला आणि लंगडी दिसेनाशी झाली.

आणि तेव्हाच बांधावर टेम्पो आला, रिकामा. मागे सुरेंद्र उभा, नखशिखांत भिजलेला. त्याने दुकानाकडे वळूनही पाहिलं नव्हतं. फोन आला तेव्हाच सुई दिली असती, तर लंगडी आता घोरत गाडीत पडली असती. सुरेंद्रने पाण्यात उडी टाकली, पिंजऱ्यात चाचपून पाहिलं आणि रिकाम्या हातांनी वर आला. तो रडत होता.

"म्या तं खरं सांगितलं होतं, ताई. माह्यावर भरोसा काऊन नाही केला?"

दीपमालाच्या हातात भरलेली सुई तशीच होती. गाडी आलीच नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटत होतं.

"थानेदाराचं मरण म्या गिळलं असतं, भाऊ," ती म्हणाली. "पण तुमी माहा भरोसाच मारून टाकला. अन् आज त्याच्यापायी ही मेली."