सोडलेली ओळ

लवळ्याच्या कॅम्पसमध्ये आम्हाला ‘कामाची रचना’ हा विषय होता. शेवटची असाइनमेंट अशी: एखाद्या गावातून संपलेलं शेतमजुरीचं काम निवडा, ते केलेल्या माणसाशी बोला आणि आजच्या सिद्धांतावर तपासा.

मी भातलावणीआधी रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधायचं काम निवडलं. माझ्या आत्यानं ते मारुंजीत दुसऱ्यांच्या खाचरांत कित्येक पावसाळे केलं. त्या खाचरांवर आता सोसायट्या आहेत. ती माझी आत्या आहे हे मी वर्गात सांगितलं नव्हतं. कुणी विचारलं तर काय सांगायचं, यापेक्षा कुणी विचारणारच नाही असं वागणं मला शाळेपासून जमत आलं होतं. अहवालात ती ‘मुलाखत दिलेली महिला’ होती.

चांगलं काम कसं असतं, याचे सिद्धांतात पाच निकष होते. प्रत्येकाला सातापैकी गुण द्यायचे. रोपं ती उपटायची, लावायचं दुसरं कुणी, कापायचं तिसरं. म्हणजे काम पूर्ण झालेलं तिला दिसत नसे. दोन गुण. स्वायत्ततेला मी एक दिला.

अहवाल त्या व्यक्तीला वाचून दाखवायचा आणि मग सही घ्यायची, असा नियम होता. रविवारी पौडला तिच्या घरी गेले. आत्या दारात मेथी निवडत बसली होती. मी एकेका ओळीवर बोट ठेवून इंग्रजीचं मराठी करत गेले.

“एकच?” तिनं थांबवलं.

“म्हणजे तुला तुझ्या मनानं काही ठरवता यायचं नाही.”

“कोण म्हनतं? मूठ कशी बांदायची ते मीच ठरवायचे. लावणारी आपली असली की सैल, एका हिसक्यात सुटायची. मालकाची भावजय लई टोमणे मारायची. ती हौसेनं चिखलात उतरली की तिच्या म्होरं गच्च मुठी. नखं मोडायची तिची.” ती हसली. “भाकरी खायला आमाला लांब बसवायचे. पर गाठ माझी व्हती.”

मी एकाचे तीन केले.

“तीनच व्हय?”

चार केले. पुढे वाचत शेवटच्या पानावर आले. तिथली एक ओळ टाळून बोट खाली नेलं.

“बाय, एक वळ सोडलीस.”

“ती नुसती माहिती आहे.”

“वाचता येत न्हाई मला, पर वळ कळती. लावणीत सुटलेली वळ बांधावरनं दिसायची.”

मग मी वाचलं. मुलाखत घेणारी आणि देणारी यांचं नातं: काही नाही.

तिनं दोन काड्या निवडल्या. “मंग बाहेर जा आन् कडी वाजव,” ती म्हणाली. “पाव्हण्यावानी ये. च्या देते.”

मी बाहेर गेले नाही. पर्समधून पेन काढलं आणि ते शब्द खोडले. ‘आत्या’ या नात्याला इंग्रजीत नेमका शब्द नाही, म्हणून ‘वडिलांची थोरली बहीण’ असं लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली आणि अंगठा पुढे केला. मी त्याला पेनची शाई लावली. शाईभोवती मेथीचा हिरवट ओलावा उमटला.

अहवालात खाडाखोड नसावी, अशी सूचना होती. नवी प्रिंट काढायला दोन दिवस हातात होते. मी तीच प्रत दिली.