बुलडोझरच्या पात्यातला पोचा

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. सिरोंच्याकडे जाणारा रस्ता रुंद करायला आमच्या गावाशी बुलडोझर आला. महायुद्धात वापरून झालेलं जुनं धूड. माझा सुतारकामाचा मांडव त्याच्या वाटेत होता. सामान हलवायला मी दोन दिवस मागितले, रस्त्याच्या कामावरच्या ओव्हरसियरने एकही दिला नाही. मी जंगलात लाकडाला गेलो असताना त्याने मांडव पाडून टाकला. माझी हत्यारं चिखलात गेली. जोत्याच्या दगडावर आपटून बुलडोझरच्या पात्याला डाव्या कोपऱ्यात पोचा पडला, तेवढंच समाधान.

महिन्याभराने तोच माणूस माझ्या दारात आला. त्याच्या मोठ्या साहेबांची बदली झाली होती आणि त्यांना भेट म्हणून त्याला बुलडोझरची लाकडी प्रतिकृती द्यायची होती.

"अगदी हुबेहूब पाहिजे," तो म्हणाला.

मी हो म्हटलं. बायको भडकली. "त्याच मान्साचं काम काऊन करून राह्यले तुम्ही?"

ज्याने माझा मांडव मोडला, ते यंत्र मला जवळून पाहायचं होतं.

मी दोरीने मापं घेतली. मी यंत्राखाली शिरलो की ड्रायव्हर मुद्दाम इंजिन सुरू करायचा आणि मी दचकलो की हसायचा. फुटाला इंच धरून सागवानाचा सांगाडा केला. चाकांभोवतीच्या पट्ट्यांची एकेक फळी शिसमाची, तारेने जोडलेली. ढकललं की पट्टे फिरत. एखादी फळी केसभर वाकडी झाली तरी फेकून देत होतो. शेवटी पात्यात पोचा कोरला.

ओव्हरसियर ते पाहून तापला. "हा पोचा कशाला?"

"मशीनले हाय."

"बुजव तो. साहेबांना द्यायचंय."

"नाई बुजवत. हुबेहूब पायजे म्हणाले होते न तुमी?"

त्याने प्रतिकृती हिसकावली. मी सोडेना. ओढाताणीत धुराडं मोडून माझ्या हातात राहिलं, आणि तो बाकीचं घेऊन गेला.

साहेबांच्या निरोपाच्या दिवशी मी रस्त्याच्या कामाच्या तळावर गेलो. टेबलावर माझं काम होतं. नवं धुराडं ठोकलेलं, माझ्या शिसमावर पिवळा रंग थापलेला, पोचा रंगाऱ्याच्या लांबीने भरलेला. मांडव पडला तेव्हाही इतका राग आला नव्हता. सगळ्यांदेखत मी ती ओली लांबी अंगठ्याने उकरून काढली.

"हे काय?" साहेबांनी विचारलं.

"इथी माह्या मांडवाचं जोतं लागलं होतं, साहेब."

साहेबांनी ओव्हरसियरकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत राहिला. साहेबांनी प्रतिकृती उचलून जीपमध्ये ठेवली आणि ते गेले. मांडवाच्या भरपाईचं पुढे काहीच झालं नाही.

ओव्हरसियर आणखी दोन वर्षं तिथंच होता. समोर आला की आम्ही दोघंही तोंड फिरवत असू. एकदा त्याच्या घरचा पाळणा मोडला, तेव्हा त्याची बायको स्वतः सांगायला आली.

"लेकराचा पाळणा हाय, करून द्या न," माझी बायको म्हणाली.

मी त्या बाईंना मूल गावच्या सुताराचा पत्ता सांगितला.