मुक्ताबाई सभासद होतात

सोसायटीची पारख मुक्ताबाई इंगोले पोळ्या लाटता लाटता शिकल्या. वाशीमकडून पुण्यात आल्यावर सतरा वर्षं त्यांनी कर्वेनगरात स्वयंपाकाची कामं केली. सकाळी सहाला वारज्याच्या दोन भाड्याच्या खोल्यांतून निघायचं, चार घरं उरकायची आणि दुपारी परतायचं. ओट्याशी उभ्या असलेल्या बाईला कान असतात हे घरातली माणसं दोन-चार दिवसांत विसरतात. त्यामुळे कुणाच्या न्हाणीघरातली गळती कुणाच्या देवघरात उतरते, पार्किंगच्या एका पट्ट्यावरून सख्खे मामेभाऊ कोर्टात कसे गेले, चेअरमन आणि दुसऱ्या मजल्यावरचे काळे सात वर्षं फक्त रजिस्टर पत्रांनी का बोलतात, हे सगळं मुक्ताबाईंना ठाऊक होतं. तोंडातून मात्र यातलं अक्षर कधी बाहेर पडलं नाही. म्हणून तर चारही घरं टिकली.

मुलगी नम्रता हिंजवडीला नोकरीला लागली आणि तिसऱ्या वर्षी तिला घरासाठी कर्ज मंजूर झालं. नवरा वैजनाथ कारखान्यातून नुकतेच निवृत्त झाले होते. त्यांचं म्हणणं एवढंच की घराला गॅलरी असावी आणि गॅलरीत खुर्ची मावावी. नम्रताची यादी मोठी होती. तिला जिम हवी होती, क्लबहाउस हवं होतं, मुलं नसताना मुलांसाठी खेळायची जागाही हवी होती. रविवारी तिघं जण घरं बघायला निघायचे. नम्रता नमुन्याचा फ्लॅट बघायची, वैजनाथ गॅलरीत उभं राहून हात पसरून अंदाज घ्यायचे, आणि मुक्ताबाई खालीच थांबून वॉचमनशी बोलायच्या.

हायवेपलीकडच्या एका टोलेजंग सोसायटीत निळाशार पोहण्याचा तलाव होता. नम्रता त्याचे फोटो काढून खाली आली, तर आई गेटवरच्या वॉचमनला विचारत होती, "किती दिवस झाले तुम्हाला इथं?"

"अडीच महिने."

"आणि आधीचा?"

"तो दोन महिने होता म्हणतात."

मुक्ताबाई रिक्षात बसल्या. पुण्यातली घरं करता करता त्यांची बोली पुणेरी झाली होती. पण घरच्यांशी बोलताना, त्यातून रागावल्यावर, वऱ्हाड अजून शाबूत होतं. "जिथं वॉचमन टिकत नाही, तिथं मले नाई राहाचं," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारची सोसायटी जुनी, शांत, झाडांची होती. मुक्ताबाईंनी जिन्याखालचा सूचनाफलक वाचला. अकरा सूचना होत्या. एकीत लिहिलं होतं, 'गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे मिळेल.' तिच्यावर चिकटवलेल्या दुसरीत, 'सेक्रेटरी कोण हे ठरलेले नसल्याने वरील सूचना ही सूचना समजू नये.'

"इथं भांडनं लेखी हायेत," मुक्ताबाईंनी निकाल दिला.

नम्रता वैतागली. "आई, सीरियसली, तू फ्लॅट बघ ना! लोकांना काय बघत बसतेस?"

"भितीले रंग देता येते. माणसाले कोन देते?"

असे चार महिने गेले. एका बुधवारी त्या 'सौहार्द' सोसायटीत कामाला गेल्या, तर वॉचमन समाधान म्हणाला की तीनशे दोनचे आजोबा मुलाकडे नाशिकला कायमचे चाललेत आणि फ्लॅट विकायला काढलाय. सौहार्दमध्ये सहाव्या मजल्यावर नीरजाताईंकडे मुक्ताबाई अकरा वर्षं पोळ्या करत होत्या. त्या दिवशी त्यांच्या दोन पोळ्या करपल्या. सौहार्दचे दोष त्यांना तोंडपाठ होते, आणि तेच त्यांना पटलं. दोष सगळीकडेच असायचे. ओळखीच्या खड्ड्यात निदान पाय मुरगळत नाही. शिवाय अकरा वर्षं रोज जाऊनही तिथली संध्याकाळ कशी असते हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

व्यवहार पक्का व्हायच्या बेतात आल्यावर त्यांनी नीरजाताईंना सांगितलं. "ताई, तीनशे दोन घेतोय आम्ही."

नीरजाताई चहा गाळत होत्या. "बघा हं, जमेल का? आमच्याकडची वेळ बदलायची नाही, आधीच सांगते."

"काम नाही घेत. फ्लॅट घेतोय."

गाळणं कपाच्या बाहेर गेलं. "अय्या! वा! छानच की!" नीरजाताई म्हणाल्या आणि ओटा पुसायला लागल्या. बराच वेळ पुसत राहिल्या.

नीरजाताई मनानं वाईट नव्हत्या. मुक्ताबाई आजारी पडल्या की त्या स्वतः डॉक्टरांना फोन करायच्या. भिशीच्या बायकांना सांगायच्या, "मुक्ताबाई म्हणजे आमच्या घरच्याच." आणि सौहार्दबद्दल म्हणायच्या, "आमची सोसायटी म्हणजे एक कुटुंबच आहे." ही दोन वाक्यं एकाच ठिकाणी येऊन भेटतील असं मात्र त्यांच्या कधी मनात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून त्या रोज सकाळी सौहार्दचा एकेक दोष सांगू लागल्या. पहिल्या दिवशी पाणी. "उन्हाळ्यात फार हाल होतात हो. टँकर मागवावे लागतात."

"हो ना," मुक्ताबाई कणीक मळत म्हणाल्या, "गेल्या एप्रिलमध्ये तर एकदा टँकर आला आणि पाणी टाकीऐवजी पार्किंगमध्येच सोडलं."

दुसऱ्या दिवशी गळती. मुक्ताबाईंनी कुठल्या भिंतीला किती ओल आहे ते मजल्यांनुसार सांगितलं. तिसऱ्या दिवशी मेंटेनन्स, दुरुस्तीचा वाढीव खर्च आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला बंदी. चौथ्या दिवशी भांडणं. त्यात नीरजाताईंना न आठवलेली दोन मुक्ताबाईंनी आठवून दिली. पाचव्या दिवशी दोष संपले. नीरजाताई फ्रिजला टेकून म्हणाल्या, "तसं नाही हो... माणसं चांगलीच आहेत इथली. पण तुम्हाला करमायचं नाही."

"अकरा वर्षं करमलं की, ताई," मुक्ताबाई म्हणाल्या आणि शेवटची पोळी डब्यात ठेवून झाकण लावलं.

सौहार्दमध्ये नवीन माणूस यायचा तर कमिटी आधी त्याला 'भेटायची'. कायद्यात असं काही नव्हतं, पण चहा असायचा, त्यामुळे हरकत कुणी घेतली नव्हती. कमिटीचे सेक्रेटरी होते नीरजाताईंचे यजमान आमोदराव, आणि चेअरमन होते बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, जे समोरचा माणूस कर्ज मागायला आलाय अशाच नजरेनं सगळ्यांकडे बघायचे. नम्रता ऑफिसची फाइल घेऊन बसली होती. वैजनाथांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"राहणार किती जण?" चेअरमननी विचारलं.

"तिघं," नम्रता म्हणाली.

"गावाकडचे पाहुणे वगैरे? महिनोन्महिने?"

"येतात," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमच्या बंगलोरच्या मेहुण्यांसारखे चार महिने नाही राहात."

आमोदरावांना ठसका लागला. चेअरमननी घाईघाईनं नियमांची पुस्तिका पुढे केली. मुक्ताबाईंनी ती शेवटपर्यंत वाचली. असं आजवर कुणी केलं नव्हतं. बाविसाव्या नियमाशी त्या थांबल्या. 'घरकामाच्या स्त्रियांनी सर्व्हिस लिफ्टचाच वापर करावा.' हा नियम ज्या दुपारी आमोदरावांच्या दिवाणखान्यात ठरला, त्या दुपारी मुद्दाम थांबवून घेऊन कांदाभजी मुक्ताबाईंकडूनच तळून घेतली होती. भजी संपायच्या आत नियम मंजूर झाला होता.

"एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "मी तिसऱ्यावरून सहाव्यावर कामाला जाईन, तेव्हा कुठली लिफ्ट?"

"आई!" नम्रता कुजबुजली.

"म्हणजे," चेअरमन म्हणाले, "काम आपण... चालूच ठेवणार?"

"का? पोळ्या बिघडल्या का, आमोदराव?"

"छे छे," आमोदराव म्हणाले. त्यांच्या डब्यात रोज चार जायच्या.

प्रश्न पुढच्या बैठकीवर गेला. तिथं त्यावर पन्नास मिनिटं चर्चा झाली आणि आमोदरावांनी स्वच्छ अक्षरात ठराव लिहिला: सभासदाने कामावर जाताना सर्व्हिस लिफ्ट वापरावी, काम संपल्यावर परतताना सभासदांची लिफ्ट वापरण्यास हरकत नाही.

"दिस इज इनसेन," नम्रता म्हणाली. "आई, तू काम सोड. नाहीतर फ्लॅटच कॅन्सल करू."

मुक्ताबाईंनी दोन्ही नाकारलं. त्यांच्या मते अर्धी लिफ्ट मिळाली होती, आणि एका बैठकीत अर्धी म्हणजे सौहार्दच्या मानानं फारच झालं.

मार्चअखेर इंगोले कुटुंब राहायला आलं. वैजनाथांची खुर्ची गॅलरीत मावली. आठ दिवसांत खालच्या बाकावरच्या पेन्शनरांनी त्यांना आपल्यात ओढलं, कारण त्यांना पंप दुरुस्त करता येत होता. नम्रता जिममध्ये दोनदा गेली. सगळं ठीक बसत चाललं होतं. बिनसलं ते लिफ्टमध्ये.

पहिल्या सोमवारी मुक्ताबाई ठरावाप्रमाणे सर्व्हिस लिफ्टनं वर निघाल्या. आत पाचव्या मजल्यावर धुणीभांडी करणारी नाजिमा आणि आणखी दोघी होत्या. दार उघडलं तेव्हा जोरात काहीतरी चाललं होतं. मुक्ताबाईंना बघताच थांबलं.

"काय गं, कशावर हसत होतीस?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"काही नाही," नाजिमा म्हणाली आणि वर सरकणाऱ्या आकड्यांकडे बघत राहिली. परवापर्यंत हीच नाजिमा पाच मजल्यांच्या प्रवासात पाच घरांची खबर द्यायची.

परतताना सभासदांच्या लिफ्टमध्येही तेच. गच्चीवरून खाली निघालेल्या दोघी जणी त्यांना बघून गोड हसल्या आणि गप्प झाल्या. मुक्ताबाई ओट्याशी उभ्या असताना याच बायका नीरजाताईंकडे चहाला येऊन त्यांच्यासमोर सासूच्या इस्टेटीपासून नवऱ्याच्या पोटापर्यंत सगळं बोलायच्या. तेव्हा मुक्ताबाई त्यांना दिसत नव्हत्या. आता दिसायला लागल्या होत्या.

महिना असाच गेला. मुक्ताबाईंनी वॉचमन तपासला होता, सूचनाफलक वाचले होते, ओल मोजली होती. पण फ्लॅटबरोबर आपले कान विकले जातील हे काही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. सौहार्दमध्ये कोण कुणाशी भांडतंय हे अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्यांना माहीत नव्हतं, आणि घर त्यांना फार शांत वाटत होतं.

"मग अजून कामाले काहून जातं?" वैजनाथांनी एकदा विचारलं.

"तिथं तरी कोनी बोलते," त्या म्हणाल्या. पण आता नीरजाताईही स्वयंपाकघरात फोन घेत नव्हत्या. बाहेर गॅलरीत जाऊन बोलायच्या.

सप्टेंबरमध्ये वार्षिक सभा झाली. कमिटीतली स्त्रियांची एक जागा दोन वर्षं रिकामी होती. कमिटीत जाणं म्हणजे शिव्या खाणं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. चेअरमनची नजर फिरत फिरत नीरजाताईंवर येऊन थांबली, तशा त्या चपळाईनं उठल्या. "मी मुक्ताबाईंचं नाव सुचवते. त्यांना सोसायटीची सगळ्यात जास्त माहिती आहे."

हे खरंच होतं. मुक्ताबाई बिनविरोध निवडून आल्या.

पहिल्याच बैठकीत त्यांनी एक विषय मांडला. कामाच्या बायका दुपारचा डबा तळघराच्या जिन्यात बसून खातात. मीटरशेजारची खोली रिकामी आहे, ती त्यांना द्यावी. खोलीत जुन्या गणपतीच्या मखराशिवाय काही नव्हतं. खर्च नव्हता म्हणून चेअरमन गप्प बसले. नीरजाताईंच्या आग्रहामुळे आमोदरावांचा पाठिंबा आधीच होता. कारण मुक्ताबाई कधी काम सोडतील याचा आता नेम नव्हता आणि नव्या बाईला ओढून घ्यायला सोसायटीत काहीतरी सोय दिसायला हवी होती. आमोदरावांनी फक्त एक अट घातली. पेन्शनर मंडळी तिथं पत्ते मांडतील, त्यांना आवरायला हवं. 'सभासदांनी सदर खोलीत बसू नये.' ठराव एकमतानं मंजूर झाला. मुक्ताबाईंनीही हात वर केला, आणि जिना उतरताना पाचव्या पायरीवर त्यांच्या लक्षात आलं की आपण काय केलं.

खोली उघडली त्या दिवशी दुपारी त्या बघायला गेल्या. आत सतरंजी घातली होती. नाजिमा आणि चौघी जणी डबे सोडून बसल्या होत्या. समाधान दारावर ठराव चिकटवत होता.

"या की, मुक्ताबाई," नाजिमा म्हणाली. सहा महिन्यांत तिनं पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

"नियम आहे, बाई. मला नाही बसता येत."

"कुणी केला असला नियम?"

"मीच."

नाजिमानं आधी तोंडाला पदर लावला. मग सगळ्याच हसायला लागल्या. मुक्ताबाईही हसल्या.

"ठरावात 'खोलीत' लिहिलंय," समाधान चिकटपट्टी दातानं तोडत म्हणाला. "उंबऱ्याचं काही नाही."

मुक्ताबाई उंबऱ्यावर बसल्या. पाय बाहेर ठेवले. नाजिमानं डब्यातली वांग्याची फोड त्यांच्या हातावर ठेवली.

"पाचव्याच्या सूनबाई दिसत नाहीत आठवडाभर," मुक्ताबाई म्हणाल्या. "माहेरी गेल्या का?"

नाजिमा घास हातातच धरून पुढे सरकली. "माहेरी? तुम्हाला काहीच माहीत नाही? अहो, ऐका..."