टेम्पो उन्हात, नंदा शेडमध्ये

मला लिहायला लावू नका म्हणून किती वेळा सांगितलं. चौथीत शाळा सोडलेला माणूस मी, जन्मभर टेम्पो चालवला. पण नंदाच्या डान्स कंपनीतल्या पोरी ऐकतात होय? "मामा, बोलता तसंच लिहा!" नंदा माझी भाची. टेम्पोत कांद्याची सालं साचतात तसे तिचे किस्से साचलेत. कितीही झाडा, कोपऱ्यात उरतातच. घ्या थोडे.

*

तिची आई सगुणा, माझी धाकटी बहीण. दरसाल ऊसतोडीला जायची, म्हणून पोरीला शाळेसाठी माझ्याकडे सावेडीत ठेवली. पोरगी शिकली, आणि बंगळूरला जाऊन नाच शिकून आली! सगुणा फोनवर कडाडली, "दादा, तुज्याकडं मास्तरीन व्हायला ठिवली हुती. तू नाचायला लावलीस!" तेव्हापासून बोलणं बंद. दोघांशीही.

नंदा मला म्हणाली, "मामा, शेडमधून टेम्पो बाहेर काढा."

"का गं?"

"तिथं माझी कंपनी सुरू होतीय."

झालं! टेम्पो आजपण उन्हातच आहे.

*

क्लासला पोरी घालायला बाया आल्या. "मॅडम, गॅदरिंगला कुठलं गाणं बसवणार?"

"आधी उभं राहायला शिकवते," नंदा म्हणाली. आणि खरंच, किती दिवस नुसतं तेच! एक बाई माझ्यावर घसरली, "मामा, उभं राहायचा बी क्लास असतो व्हय?" मला तिचंच पटत होतं.

पुढे तीच बाई स्टँडवर पोरीला शोधत होती. पोरगी समोरच उभी, आणि बाईनं ओळखलीच नाही! "मामा," ती मला म्हणाली, "माजी पोर एवढी उंच कवा झाली?"

*

तिसगावचा बाजार. नंदा मोकळ्या जागेत नाचायला उभी राहिली. गाणं नाही, ढोलकी नाही, नुसता तिचा श्वास. एक भेंडीवाला ओरडला, "ताई, स्पीकर बंद पडलाय तुमचा!" सगळा बाजार हसला. नंदा नाचतच राहिली. हळूहळू तराजू थांबले. गिऱ्हाइकं पिशव्या खाली ठेवून बघायला लागली.

संपल्यावर तोच भेंडीवाला माझ्या कानाशी आला. "मामा, त्यो स्पीकर दुरुस्त करू नगा."

*

राहुरीच्या शोमध्ये एक नवी पोरगी घसरून धाडकन पडली. मी विंगेत कपाळाला हात लावला. तोच नंदा पडली. मग एकेक करत सगळ्या पडल्या, आणि सगळ्या मिळून उठल्या. काय टाळ्या!

परत येताना विचारलं, "हे आधीच बसवलेलं होतं का गं?"

"न्हाई मामा. तिला एकटीलाच पडू द्यायचं व्हय?"

मी गिअर टाकला.

*

आता शेवटचा. सावेडीतल्या हॉलमध्ये नंदाचा मोठा शो होता, ऊसतोडीवरचा. ती आईला रोज फोन करायची, सगुणा उचलायची नाही. "आई आली न्हाई, तर हा नाच मी परत करणार न्हाई," म्हणाली. तिचं तोंड बघवेना. सरळ टेम्पो काढला, सगुणाच्या दारात उभा केला आणि म्हणालो, "बस." बसली.

पहिल्या रांगेत बसलो. नंदा डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढते, असा तो नाच. सगुणानं जन्मभर केलेलं काम. स्टेजवर मोळी नाही, फळी नाही, ट्रक नाही. पण नंदाची मान अशी दबलेली की माझी मान दुखायला लागली. चढायची, घसरायची, परत चढायची.

सगुणा ताडकन उठली. थेट स्टेजवर! "आण हिकडं." दोन्ही हातांनी नंदाच्या डोक्यावरची मोळी उतरवून घेतली. नंदा तिथंच मटकन खाली बसली.

मग सगुणा स्टेजच्या कडेला आली. "दादा, बघत काय बसलास? धर की!"

मी उठलो. धरली. डोक्यावर घेतली.

मायलेकी हातात हात घालून आत निघून गेल्या. पडदा पडला, लाईट लागले, लोक घरी निघाले, आणि मी दोन्ही हात वर करून तसाच उभा! म्हाताऱ्या माणसाला भरल्या हॉलमध्ये असं उभं करून जातात होय? माफी मागायला पाहिजे होती. अजून मागितलेली नाही, सगुणानं.