झरपटीच्या काठची झुंज

माझा हात आधी चालतो आणि डोकं मागून. सारं आयुष्य असंच गेलं. पण त्या रविवारी चांद्यात तो चालला, तेव्हा भोगलं ते माझ्या थोरल्या भावानं.

त्याला सोमवारपासून बल्लारपूरच्या कागद गिरणीत कामावर बोलावलं होतं. आमच्या गोंडपिपरीकडच्या गावातून गिरणीत लागणारा तो पहिलाच. म्हणून आदल्या दिवशी आम्ही दोघं मजा करायला चांद्याला गेलो, घरचा लाल कोंबडा बगलेत मारून. बाजारात त्याच्यासाठी खाकी चड्डी घेतली. हॉटेलात भजी इतकी हादडली, की मालक तोंडाकडे बघत राहिला. संध्याकाळी तंबूतला सिनेमा बघायचा होता.

दुपारी झरपट नदीच्या काठी कोंबडा झुंजीला लावला. गावात आमचे कोंबडे नुसत्या नखांनी लढायचे. इथे त्यांच्या पायाला काती बांधत, म्हणजे बोटभर लांबीचं धारदार पातं. आमच्या लालनं दुसऱ्याच उडीत समोरच्याचं पोट फाडलं. आतडी वाळूत लोळली. लोक बेभान ओरडत होते आणि मीही. मला ते आवडलं होतं, खोटं कशाला बोलू.

पडलेला कोंबडा जिंकणाऱ्याचा, हा रिवाज. आमच्या गावात तो जिंकणाऱ्यानं लगेच दोन्ही पाय धरून उचलायचा असतो. भावानं सवयीनं तसाच उचलला. इथे काती बांधणारा आधी ती सोडतो, मग कोंबड्याला हात लावायचा, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही. तेवढ्यात हरलेल्या माणसानं कोंबड्याची मान धरली.

"तुमचाच आधी पळून राह्यला होता. सोडा."

"पळाला नाई, भाऊ. साऱ्यायनं पाह्यलं," माझा भाऊ शांतपणे म्हणाला.

बोलून मिटलं असतं. मी त्या माणसाच्या तोंडावर गुद्दा हाणला. त्याचा दात हललेला माझ्या बोटांना कळला. तो मागे कोसळला, पण मान सोडली नाही, आणि कोंबड्याचे पाय कातीसकट भावाच्या मुठीतून सर्रकन ओढले गेले. उजव्या हाताची चारही बोटं आतून हाडापर्यंत चिरली. तरी मी पडलेल्या माणसाला लाथा घालतच होतो. भावानंच डाव्या हातानं मला मागे ओढलं, आणि मग आपला हात नव्या चड्डीत गुंडाळला.

दवाखान्यात टाके पडले. मूठ आता वळायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतीच्या गाडीतून बल्लारपूरला उतरल्यावर भाऊ म्हणाला, "उद्या माह्या जागी तू जाय. तुह्ये हात धड हायेत."

मुकादमाला दोन हात हवे होते, कुणाचे का असेनात. मी लागलो आणि म्हातारा होईस्तोवर तिथेच राहिलो. भाऊ गावी धानाच्या बांधीत विळा डाव्या हातात धरायला शिकला. त्यानं मला एकदा तरी शिवी द्यायला हवी होती. नाही दिली, त्याचा मला अजून राग येतो.