गोंडपिपरीहून आलेला मदरबोर्ड

वैशाखात आमच्या आरमोरीला सकाळी दहापासूनच कूलर गरम वारा फेकायला लागतो. त्या दिवसांत माझा लॅपटॉपही तापून मध्येच बंद पडायचा. मी घरी बसून पुस्तकांची पानं लावते. मजकूर टाईप करायचा, मांडायचा, छापखान्याला पाठवायचा. माझा प्रोग्रॅम आणि त्यातले मराठी फॉन्ट इतके जुने की नव्या कॉम्प्युटरवर ते चालतच नाहीत. तो म्हातारा लॅपटॉप म्हणजेच माझं दुकान.

त्यात तेव्हा सासूबाईंचं पुस्तक होतं. सासूबाई आणि त्यांच्या मैत्रिणी विहारात म्हणायला स्वतः गाणी रचतात. भाताच्या रोवणीत म्हणायच्या त्याच चाली, शब्द मात्र यांचे. आजवर ती फक्त तोंडी होती. मी एकेकीसमोर बसून ती उतरवून घेतली होती. बुद्ध पौर्णिमेला पुस्तक विहारात वाटायचं ठरलं होतं आणि बायकांनी आपापल्या लेकींना या म्हणून निरोपही धाडले होते.

माझे मिस्टर मोटारपंप दुरुस्त करतात. स्क्रूड्रायव्हर हातात असला की त्यांना कशाचीच भीती वाटत नाही.

"पंख्यात धूळ अडकली असंन," ते म्हणाले. "खोलतो, साफ करतो, झालं."

बॅटरी आतच असते आणि आधी तिची जोडणी काढायची असते, हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हतं. त्यांनी वरचं झाकण उचललं तेव्हा कीबोर्डची पातळ पट्टी आत अडकलेलीच होती. कट्ट झालं. पट्टी जिथे बसते ते इवलंसं कनेक्टर मदरबोर्डावरच्या तांब्याच्या रेघांसकट उपटून आलं. काय झालं ते बघायला ते घाईनं वाकले, तर हातातला स्क्रूड्रायव्हर निसटून बोर्डावर आडवा पडला. एक ठिणगी, जळका वास, आणि लॅपटॉप संपला.

मी मोरीत जाऊन रडले. बाहेर आले तर हे तसेच बसलेले, ताटाला हात न लावता.

"काऊन बोलून नाई राह्यले?"

"काय बोलू? तुहं कामच बुडवलं मी."

मग मला त्यांच्यावर रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी मी एकटीनंच बसनं चंद्रपूर गाठलं. बाजारातल्या लॅपटॉप दुरुस्तीवाल्या भाऊंनी भिंग लावून बोर्ड पाहिला.

"ताई, रेघा तं मी बारीक तार टाकून जोडल्या असत्या. पण इथी पाहा, आतला थर जळला. याच मॉडेलचा दुसरा बोर्ड भेटला तं लॅपटॉप उठते. डिस्क चांगली हाये, तुमचं सगळं काम त्याच्यात जिवंत हाये."

"बोर्ड कुठी भेटन?"

त्यांनी नागपूरला दोन-तीन ठिकाणी फोन लावले. इतका जुना बोर्ड कुणाकडेच नव्हता. मी उठले, पण लगेच निघवेना. ते दुसरा एक लॅपटॉप खोलत होते; मी म्हटलं, बघू का जरा? त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. पट्टी दाबून धरणारी बारीक खिटी नखानं कशी उचलायची, बॅटरी आधी का सोडवायची, ते मी तिथे पाहिलं. एकदा माझ्याकडूनही करून घेतलं त्यांनी.

परतीच्या बसमध्ये लॅपटॉपखालच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरचा फोटो, असा कुणाकडे आहे का म्हणून, कॉलेजच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला. मूल गावचा बसस्टँड यायच्या आत फोन वाजला. गोंडपिपरीला शिक्षिका असलेली मैत्रीण होती.

"अवं, माहावालाही हाच हाये! पडून स्क्रीन फुटला, तवापासून कपाटावर पडून हाये. घेऊन जा ना!"

मी बसमध्येच इतक्या मोठ्यानं "खरंच?" म्हटलं की कंडक्टरनं वळून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी हे भर उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळून मोटारसायकलनं गोंडपिपरीला गेले आणि टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप घेऊन आले. चंद्रपूरच्या भाऊंना फोन केला, तर ते लग्नाला निघालेले, पौर्णिमेनंतरच परतणार होते. छापखान्याला तर पानं त्याआधी हवी होती.

"आता मी हात नाई लावत," हे म्हणाले.

"मग मी लावते."

सकाळी ऊन चढायच्या आत पडवीत चादर अंथरली. पुठ्ठ्यावर लॅपटॉपचं चित्र काढलं आणि निघेल तो स्क्रू त्याच्या जागी टोचत गेले. आधी बॅटरी सोडवली. मग नखानं खिटी, मग पट्टी. मैत्रिणीचा बोर्ड अलगद बाहेर आला. आमचा जळका काढला, तिचा बसवला, पंख्याखाली गरमी ओढून घेणारी नवी पेस्ट लावली, आमची डिस्क आणि मेमरी त्यात घातली. हे टॉर्च धरून होते.

बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. स्क्रीन काळाच.

"गेला," हे म्हणाले.

"थांबा ना. पंखा तं फिरून राह्यला."

पुन्हा सगळं खोललं. एकेक जोड बोटानं चाचपत गेले. मेमरीची पट्टी एका बाजूनं केसभर वर होती. दाबली तशी टक्क करून बसली. पुन्हा बटण दाबलं, आणि स्क्रीन उजळला! घड्याळ कुठल्यातरी भलत्याच वर्षात गेलं होतं, पण माझा प्रोग्रॅम उघडला आणि पानं एकामागून एक समोर आली. मी ओरडलेच. सासूबाई पदराला हात पुसत धावत आल्या.

"दिसले का माहे गाने?"

"सगळे दिसले, आई. एक नाई गेला."

ह्यांनी टॉर्च तसाच भर उजेडात चालू ठेवला होता.

पुस्तक वेळेत छापून आलं. पौर्णिमेला विहारात एका आजीबाईंनी ते मला उघडून दाखवायला सांगितलं. "माहं नाव कुठी हाये?" मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं. त्यांनी ते तिथून बराच वेळ उचललं नाही. मग सगळ्याजणी गायला लागल्या. पुस्तक प्रत्येकीच्या हातात होतं, पण गाणी पाठच असल्यामुळे त्यात कुणी पाहत नव्हतं.

खीर वाटताना हे प्रत्येकाला सांगत सुटले, "बोर्ड मी जाळला, बदलला हिनं." लाजून मी कामाचं निमित्त करून आत सटकणार, तेवढ्यात शेजारच्या काकूंनी मला गाठलं.

"माहा मिक्सर बंद पडला व. पाह्यशीन काय?"

"आणा न काकू," मी म्हटलं. "पाहू आपण."

आयुष्यात मी मिक्सर कधी उघडला नव्हता. पण हो म्हणताना मला जराही भीती वाटली नाही.