रूथचं पहिलं शास्त्रवाचन

मैत्रिणींनो, चर्चमधून आत्ताच घरी आलेय आणि हे सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

माझी दहा वर्षांची रूथ बोलताना अडखळते. तरी आज पुलगावच्या आमच्या चर्चमध्ये शास्त्रवाचनासाठी तिनं स्वतःहून नाव दिलं.

'परमेश्वर' या शब्दावर ती अडकली. पुढच्या बाकावरून सासूबाई तो शब्द सांगू लागल्या.

"थांब ना आजी, मले वाचू दे!" रूथ म्हणाली.

मी डोळे मिटून विनवत होते, 'देवा, हे लवकर संपू दे.' देवानं माझ्याऐवजी तिचं ऐकलं. थांबत थांबत तिनं शेवटची ओळही पूर्ण वाचली.

बाहेर सासूबाई दिसेल त्याला सांगत होत्या, "माही नात होय ते!" मीही अभिमानानं मान डोलवत होते.

लेकरू अडखळतं तेव्हा तुम्ही मनातून शांत कशा राहता गं? मला अजून जमत नाही.